पाळी थांबताना

(महिला दिनानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)

मागच्या रांगेतून उठायच्या बेतात असलेल्या पुरुष मंडळींनो, बसा जरा. हा विषय तुमच्याही घरातला आहे.

२५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणी तिशीत होत्या. आता कुणाची पाळी थांबून गेली, कुणाची थांबते आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला लिफ्टमध्येसुद्धा प्रश्न येतात, तेही कुजबुजत. आज मोठ्याने बोलू.

पाळी एका दिवसात थांबत नाही. आधी काही वर्षं ती लहरीपणा करते. कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटून जाग येते, चिडचिड होते. शरीरातलं इस्ट्रोजेन वर-खाली होत असतं, त्याचा हा परिणाम. ‘हिचा स्वभावच बिघडलाय’ असं नव्हे! आणि हो, या काळात दिवसही राहू शकतात.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, असं आम्ही म्हणतो. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी. चाळिशीच्या आतच थांबली तर तपासणी हवीच.

पुढे वाफा बहुतेकींच्या कमी होतात, पण हाडं गुपचूप झिजतात, पहिल्या काही वर्षांत जास्त वेगाने. बाथरूममध्ये जरासं घसरून मनगट मोडतं ते त्यामुळे. नाचणी, दूध, तीळ खा, ऊन घ्या, भराभर चाला. आपल्या बागेतल्या फेऱ्यांत गप्पाच जास्त होतात.

आता मुख्य गोष्ट. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग, तर ती ‘पाळी परत आली’ असं समजू नका. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नका. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, आतला भाग कोरडा पडल्याचं. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते, आणि लवकर कळला तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. त्यासाठी सोनोग्राफी, गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासणं, एवढंच. तरी माझ्याकडे बायका सहा-सहा महिने थांबून येतात, कारण घरात सांगायची लाज. अहो, सुनेला सांगा, मुलाला सांगा.

येत्या शनिवारी चार वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. जुने रिपोर्ट असतील तर घेऊन या.