दोन सुलोचना

2022 सालच्या डिसेंबर महिन्याच्या 10 तारखेस मुंबईंत सुलोचना चव्हाण निवर्तल्या. आणि पुरे सहा महिने लोटले नाहींत तोंच, 2023 च्या जूनच्या 4 तारखेस, त्याच शहरांत सुलोचना लाटकर यांनींहि देह ठेवला. एक लावणी गाणारी, दुसरी रुपेरी पडद्यावरील आई. नांव एकच, पण मराठी माणसाच्या मनांतील दोघींच्या जागा अगदीं निरनिराळ्या होत्या. (मूकपटांच्या काळांत रूबी मायर्स या नटीनेंहि हेंच नांव धारण केलें होतें, त्या तिसऱ्या सुलोचनेचा येथें संबंध नाहीं.)

लाटकरबाईंचा जन्म 1928 सालचा, बेळगांव जिल्ह्यांतील खडकलाट या गांवचा. कोल्हापुरास चित्रसृष्टींत आल्या तेव्हां बोली खेड्यांतली होती. भालजी पेंढारकरांनीं त्यांस 'सुलोचना' हें नांव दिलें आणि जयप्रभा स्टुडिओंत घडविलें. 1953 च्या 'वहिनींच्या बांगड्या' या चित्रपटांत त्यांनीं दिराची आई होणारी वहिनी उभी केली, आणि तेव्हांपासून वात्सल्य म्हटलें कीं त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढें येऊं लागला. पुढें हिंदींतील बड्याबड्या नायकांच्या त्या माता झाल्या.

परंतु त्यांना नुसती सोज्ज्वळ माउली म्हणून सोडून देणें हें त्यांच्या कलेला न्याय देणें नव्हे. 1959 सालीं बिमल रॉय यांनीं काढलेला 'सुजाता' हा चित्रपट ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिला असेल त्यांस हें पटेल. त्यांतील चारू ही गृहिणी अस्पृश्य घरांत जन्मलेल्या एका पोरक्या मुलीला वाढविते, खाऊं-पिऊं घालते. पण परक्यांपुढें तिची ओळख करून देण्याची वेळ आली कीं 'मुलगी' न म्हणतां 'मुलीसारखी' म्हणते. त्या एका 'सारखी'मध्यें सगळा दुष्टावा आहे, आणि तो दुष्ट नसलेल्या बाईच्या तोंडीं आहे! अपघातानंतर त्याच मुलीचें रक्त अंगांत गेल्यावर ती 'सारखी' गळून पडते. हें काम करतांना लाटकरबाईंचें वय अवघें तीस-एकतीस होतें, आणि मानलेली मुलगी झालेली नूतन त्यांच्याहून केवळ आठ वर्षांनीं लहान होती. नायिकेचें वय हातीं असतां आईची भूमिका पत्करणें, आणि तीहि दोषासह पत्करणें, याला धैर्य लागतें.

चव्हाणबाईंची गोष्ट वेगळी. 1933 सालीं मुंबईंत त्या जन्मल्या. माहेरचें नांव कदम. बाळपणीं मेळ्यांत कामें केलीं, आणि मग त्या हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन करूं लागल्या. 'ढोलक' चित्रपटांतील त्यांचें गाणें जुन्या रसिकांना अजून आठवतें. पहिली लावणी त्यांनीं अत्र्यांच्या 'हीच माझी लक्ष्मी' या चित्रपटासाठीं वसंत देसाईंच्या संगीत-दिग्दर्शनाखालीं गायिली. पडद्यावर होत्या हंसा वाडकर. पुढें पती श्यामराव चव्हाण यांनींच त्यांना लावणीचे धडे दिले. शब्द कोठें तोडावा, कोठें फेंकावा, कोठें नुसता सूचित करून सोडावा, हें ज्ञान त्यांच्या गाण्यांत ऐकूं येतें. जगदीश खेबुडकर आणि वसंत पवार यांच्यासारखे कवि-संगीतकार लाभल्यावर तो आवाज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत गेला.

आणि गातांना बाईंचा वेष कसा? अंगावर साधें लुगडें, डोक्यावरून पदर. हात नाहीं, नजर नाहीं, पाऊल नाहीं. सारा नखरा आवाजांत. हा पदर म्हणजे लोकलाजेखातर पांघरलेलें सोंग असें कोणी म्हणतील, तर तें खरें नव्हे. अंगविक्षेपाची मदत न घेतां केवळ कंठानें शृंगार उभा करणें ही कसोटी फार कठीण. बाईंनीं ती जन्मभर मानली. त्यामुळें झालें असें कीं, ज्या पांढरपेशा घरांत फडावरच्या लावणीचें नांव काढणें जड जात होतें, तेथें ती रेडिओच्या आणि ध्वनिमुद्रिकेच्या वाटेनें सरळ माजघरापर्यंत पोंचली.

मानाच्या बाबतींत मात्र समाजानें दोघींना एका मापानें मोजलें नाहीं. पडद्यावरील मातेस 1999 सालीं पद्मश्री मिळाली, आणि पुढें महाराष्ट्रभूषण. आईला नमस्कार करणें सोपें असतें. लावणी गाणारीला पद्मश्री जाहीर झाली ती 2022 च्या जानेवारींत, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर; तो सन्मान तिच्या वांट्यास जेमतेम साडेदहा महिने आला. 'लावणीसम्राज्ञी' ही आचार्य अत्र्यांनीं दिलेली पदवी तेवढी लोकांनीं कित्येक दशकें आधींच, कोणाची वाट न पाहतां, तिच्या नांवामागें लावून ठेविली होती.