आधी खूर बघा : थरथरणारं इंजिन घरी कसं तपासाल

मी हुणसूरहून बोलतोय. म्हैसूरहून मडिकेरीकडे निघालात की साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आमचं गाव लागतं. फौजेत माझी नोकरी गाड्यांच्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही शेजाऱ्यांच्या गाड्या अंगणात येतातच. त्यांची नेहमीची तक्रार म्हणजे गाडी पळते छान, पण थांबली की थरथरते, कधी बंदच पडते.

शहरात बंद पडली तर मागचा हॉर्न वाजवेल, एवढंच. पण इथून वीरनहोसहळ्ळीचं फाटक ओलांडलं की नागरहोळेचं जंगल सुरू होतं. समोर हत्ती आला तर थांबावंच लागतं, आणि गाडीतून उतरायची सोय नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्याच गाडीला हे दुखणं जडलं, तेव्हा पत्नीनं सांगून टाकलं, "ही नीट होईपर्यंत मी जंगलातून येणार नाही." एका गॅरेजनं चारही इंजेक्टर आणि इंजिनाची माउंटिंग बदलायला सांगितली. खर्च वीस हजारांच्या पुढे. कशावरून, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "बहुतेक तेच असतं."

हुणसूर हे एके काळी अमृतमहाल बैलांचं मोठं ठाणं होतं. फौजेच्या तोफा ओढणारे हे बैल. आता बैल लंगडला तर जाणता माणूस आधी खूर उचलून खडा रुतलाय का ते बघतो. लगेच बैल बदलायला निघत नाही. इंजिनाचंही तसंच. फुकटात होणारी तपासणी आधी, सुटे भाग शेवटी.

पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, ठिणगी आणि दाब. थरथर म्हणजे यांपैकी काहीतरी बिघडलंय. गाडी उघड्यावर उभी करा, बंद शेडमध्ये नको, धूर विषारी असतो. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. पदर, ओढणी, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवा. तो पंखा आपोआप सुरू होतो.

पहिलं काम, निरीक्षण. थरथर थंड इंजिनाला आहे की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर वाढते का? वहीत लिहा. मग एअर फिल्टर काढून उजेडात धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला.

दुसरं, ठिणगी. इंजिन थंड असताना प्लग काढा. टोक बदामी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, पांढरट म्हणजे कमी, ओलसर तेलकट म्हणजे आत तेल येतंय.

तिसरं, गाडीलाच विचारा. साधारण 2013 नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली तपासणीचं सॉकेट असतं. त्यात बसणारा छोटा स्कॅनर मोबाइलला जोडता येतो. पी0302 हा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा. कोड पी0303 झाला तर दोष कॉइलचा. तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा दाब बघायचा. नवा भाग न घेता एवढं कळतं.

आमच्या गाडीत पी0171 आला, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी. मग मी 'फ्युएल ट्रिम' हा आकडा बघितला. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय, ते यात दिसतं. उभ्या गाडीत अधिक 22, आणि 2500 आरपीएमला अधिक 4. इंजेक्टर तुंबले असते तर रेस दिल्यावर आकडा असा खाली आला नसता. कुठूनतरी चोरून हवा शिरत असली तर मात्र असंच होतं. भोक तेवढंच राहतं. इंजिन कमी हवा घेत असताना ती चोरी मोठी ठरते, रेस दिली की नगण्य. हे गणित हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीचं. फक्त दाब मोजणारा सेन्सर असेल तर अशा गळतीनं बहुधा आयडल वाढतं.

मग चालू इंजिनावर फवारणीच्या बाटलीनं साधं पाणी रबरी नळ्यांवर बारीक मारत गेलो. वायरी आणि कॉइल सोडून. कार्ब क्लीनर मारू नका, पेट घेतो. मॅनिफोल्डमागच्या नळीच्या वळणावर पाणी पडलं आणि आवाज बदलला. तिथे नखाएवढी चीर होती. नवी नळी दीडशे रुपयांची. ती बसवली, कोड पुसला. आकडा अधिक 3 वर आला, आयडल 800च्या आसपास स्थिरावलं.

नळ्या शाबूत असतील तर थ्रॉटल बॉडीवरची काजळी साफ करा. त्यानंतर काही गाड्यांना आयडल पुन्हा शिकवावं लागतं, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

थांबायचं कुठे, तेही सांगतो. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल. पेट्रोलचा वास आला तर इंजिन बंद. आणि दाब कमी निघाला तर ते काम गॅरेजचंच. पण तिथे जाताना वही सोबत न्या. "थरथरते" म्हणून गेलात तर अंदाज विकत मिळतो. "उभ्याला 22, रेसला 4" म्हणालात तर मेकॅनिकही खुर्ची सरकवून ऐकतो.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर इंजिन चालू करून बघा. येतो. जय हिंद.