पहिली नोकरी मास्तरकीची

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण. बोललो तसेच लिहून काढले आहे, फक्त थोडी काटछाट केली आहे.)



माता-भगिनींनो, मित्रांनो, आणि मागच्या रांगेत मोबाईल बघत बसलेल्या तरुणांनो,

मी गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत, पुढचे जे काही वाचन ते रात्रपाळीच्या सुट्टीत. त्यामुळे शिक्षकाची नोकरी कशी मिळवावी हे मी सांगणे म्हणजे काहींना गंमत वाटेल. पण माझी मोठी मुलगी आज शिक्षिका आहे आणि तिला ती नोकरी मिळायला नऊ वर्षे लागली. त्या नऊ वर्षांत मी जे शहाणपण शिकलो आणि जो मूर्खपणा केला, दोन्ही सांगतो.

माझी स्वतःची मुलाखत 1988 साली गिरणीच्या गेटवर झाली. बदलीचा पास हातात घेऊन सकाळी उभे राहायचे, जॉबर वरपासून खालपर्यंत बघायचा आणि बोट दाखवायचा. झाली मुलाखत. मी साचेखात्यात लागलो. माझ्या आजाला त्याच खात्यात पाय ठेवता येत नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या माणसाचा ओठ लागलेला धोटा इतरांना चालत नसे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला होता हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे. सांगायचे काय, तर नोकरीचे दार बंद असणे म्हणजे काय ते आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

आणि बाबासाहेबांची पहिली मास्तरकी? 1918 साली सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना साडेचारशे. तिथेही काही प्राध्यापकांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. बाबासाहेब शिकवत राहिले आणि बाहेरच्या कॉलेजातले विद्यार्थी त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. 1920 मध्ये राजीनामा देऊन ते पुन्हा लंडनला शिकायला गेले.

आता माझ्या घरची गोष्ट. मुलगी 2015 ला डी.एड. झाली. त्यावेळी भरती जवळजवळ बंदच होती. 2012 पासून सरकारने नवीन शिक्षक घेण्यावर निर्बंध घातले होते. तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थाने एका संस्थेचा पत्ता दिला. संस्थेचे नाव सांगत नाही. तिथल्या कारकुनाने आम्हाला बसवले, चहा दिला आणि म्हणाला, ‘‘इमारत निधीला पाच लाख द्यावे लागतील. दोन आधी, तीन ऑर्डर आल्यावर.’’

मित्रांनो, मी या विहारात उभा राहून हुंड्याविरुद्ध बोललेला माणूस. पण मी त्या दिवशी पतसंस्थेतून काढलेले दोन लाख पिशवीत घालून गेलो होतो. म्हणजे मला आधीच कल्पना होती. हे मी आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगतो आहे.

पोरीने कारकुनाला साधा प्रश्न विचारला, ‘‘पावती कुणाच्या नावाने देणार?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘ताई, याची पावती नसते.’’ ती उठली आणि जिना उतरून खाली गेली. मी पिशवी घेऊन मागोमाग. लोकलमध्ये आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि घरी आल्यावर मी तिला नको ते बोललो. आठ दिवस आमच्यात अबोला होता. तिची आई मध्ये पडली म्हणून मिटले.

माझ्याच खात्यातल्या एका दोस्ताने मात्र पैसे भरले. त्याचा पोरगा विनाअनुदानित तुकडीवर सहा वर्षे बिनपगारी राबला. ‘यंदा अनुदान येईल, पुढच्या जूनला येईल.’ पदाला शिक्षण खात्याची मान्यताच नव्हती, तर पगार कुठून येणार? म्हणून आईबापांना माझे सांगणे आहे, कोणी ऑर्डर दाखवली की आधी विचारा: पद मंजूर आहे का? अनुदानित आहे का? बिंदुनामावलीत कुठल्या प्रवर्गाचे आहे? मान्यता कुणाच्या सहीने येणार? याची उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर तिथला चहासुद्धा पिऊ नका.

मुलगी मग एका छोट्या इंग्रजी शाळेत साडेचार हजारांवर लागली. संध्याकाळी शिकवण्या. एकदा टीईटी नापास झाली, 2017 च्या जुलैत पास झाली. टीईटी म्हणजे नुसती पात्रता. 150 गुणांचा पेपर, खुल्या वर्गाला 60 टक्के, आपल्याला 55. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. ती पास झाली की नोकरी लागते असे मला वाटायचे, मी पेढेसुद्धा वाटले! त्यानंतर वेगळी अभियोग्यता चाचणी असते, टेट म्हणतात. 200 प्रश्न, दोन तास. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर क्रम लागतो. पहिली टेट डिसेंबर 2017 ला झाली. मुलगी 92 वर अडकली. पुढची व्हायला 2023 उजाडले.

मधली वर्षे वाईट गेली. मार्च 2020 मध्ये गिरणी थांबली ती थांबलीच, आणि तिच्या शाळेने पगार अर्धा केला. त्याच काळात, 2021 च्या शेवटी, टीईटीचा घोटाळा बाहेर आला. पैसे देऊन पास झालेल्यांची साडेसात हजारांहून जास्त नावे निघाली. पोरीने पेपर माझ्यासमोर ठेवला आणि भाकरी थापायला गेली. बोलली काही नाही.

2023 ला तिला 121 गुण मिळाले. पोर्टलवर दोन वाटा असतात. एक मुलाखतीशिवाय, तिथे बहुतेक जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळा. दुसरी मुलाखतीसह, ती खाजगी संस्थांची. तिथे मुलाखत आणि वर्गात पाठ घेणे मिळून 30 गुण. तिचे नाव 2024 मध्ये दुसऱ्या वाटेने आले.

तयारी आम्ही इथेच, याच हॉलमध्ये केली. रविवारच्या वर्गातली पोरे विद्यार्थी झाली, मी संस्थेचा अध्यक्ष झालो. (खुर्चीत बसल्याबरोबर माझा आवाज बदलला असे बायको म्हणते.) पहिल्या दिवशी पोरगी फळ्याकडे तोंड करून बोलत राहिली. पाचवीतला एक बारक्या म्हणाला, ‘‘ताई, तुमची नुसती पाठ दिसते.’’ एवढी चांगली सूचना मला देता आली नसती. दुसऱ्या रविवारी तिने मोजून 15 मिनिटांत नकाशाचे प्रमाण शिकवले. पोरांना पावलांनी हॉल मोजायला लावला आणि एका पावलाला एक चौकोन धरून वहीत हॉल काढायला लावला.

खऱ्या मुलाखतीला तिघे उमेदवार होते. नशिबाने नकाशाच आला आणि तिने तोच पाठ घेतला. मग प्रश्न. मुख्याध्यापकांनी विचारले, ‘‘सहावीत दोन मुले अजून वाचू शकत नाहीत. काय कराल?’’ साडेचार हजारांची नोकरी इथे कामी आली. तिने पुस्तकी उत्तर दिले नाही. दुकानांच्या पाट्या आणि बसचे नंबर वाचायला लावून एका मुलाला तिने कसे वाचायला शिकवले होते, ते सांगितले. एका सभासदाने गाव विचारले, मग आडनाव, मग ‘‘म्हणजे तुम्ही नेमके कोण?’’ तिने सरळ सांगितले, ‘‘सर, आम्ही बौद्ध. वडील गिरणीत होते. पाठाबद्दल आणखी काही विचारायचे आहे का?’’ घरी येऊन हे सांगताना तिचा हात थरथरत होता.

निवड झाली. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक, मानधन 16 हजार. 2023 च्या आधी सहा हजार होते. मान्यता आणि शालार्थ आयडी होईपर्यंत सात महिने हातात एक पैसा आला नाही. तेवढे दिवस घर कसे चालेल याची सोय आधी करून ठेवा.

शेवटचे कागदांचे. जात वैधतेचा अर्ज मुलगी डी.एड. ला असतानाच करा, यादीत नाव लागल्यावर धावू नका. 10 ऑगस्ट 1950 पूर्वी आपले माणूस महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. आपल्या दाखल्यावर बौद्ध आणि आजोबांच्या दाखल्यावर पूर्वीची जात असते, तिथे गाडी अडते. मी त्यासाठी तीन वेळा गावी गेलो. शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजाचे नाव सापडले, पहिलीचे, पुढे शाळा सुटलेली. तो उतारा घेताना मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, ‘‘बाबा, रडू नका, शिक्का ओला आहे.’’

येत्या रविवारी चार वाजता सराव आहे. दोन मुली आणि एक मुलगा यंदा मुलाखतीला जाणार आहेत. अध्यक्षाच्या खुर्चीत या वेळी माझी मुलगी बसेल. पाचवी-सहावीची पोरे पाठवून द्या, विद्यार्थी कमी पडतात.