सुरतेच्या टोपीकरांची थडगी



सुरत हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे १६६४ सालचा जानेवारी उभा राहतो. शहराला त्यापलीकडेही एक इतिहास आहे आणि त्याची काही पाने दगडाची आहेत. कतारगाम दरवाजाच्या परिसरात इंग्रजांचे, तसेच वलंदेज व आर्मेनियन व्यापाऱ्यांचे जुने कबरस्तान आहे. घुमट, खांब आणि कमानी यांनी नटलेल्या त्या वास्तू दुरून पाहणाऱ्यास एखाद्या मोगल सरदाराच्या मकबऱ्यांसारख्या वाटाव्यात. आत मात्र व्यापारी कंपन्यांचे अधिकारी निजले आहेत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने ही स्मारके संरक्षित ठरविली आहेत.

सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे प्रमुख बंदर होते. विलायती जहाजे तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या खाडीत नांगर टाकीत आणि तेथून माल शहरात येई. इंग्रजांची वखार १६१३च्या सुमारास, तर वलंदेजांची १६१६ साली येथे स्थिरावली. नफ्याच्या आशेने आलेल्या कित्येकांना परतीचे जहाज लाभले नाही. पावसाळी हवा, ताप आणि अतिसार यांनी त्यांना गाठले. जिवंतपणी परस्परांशी चढाओढ करणाऱ्या या दोन कंपन्यांनी थडगी बांधतानाही ती सोडली नाही. परदेशी व्यापाऱ्याला शहरात आपली प्रतिष्ठा दाखवावयाची, तर ती तेथील लोकांना समजेल अशाच शैलीत दाखवावी लागे. म्हणूनच या थडग्यांवर क्रूस थोडे आणि घुमट फार.

इंग्रजांच्या बाजूस ऑक्झेंडन बंधूंची दुमजली समाधी आहे. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ साली वारला. थोरला सर जॉर्ज हा सुरतेच्या वखारीचा प्रमुख. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजीमहाराज सुरतेवर आले तेव्हा शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. ऑक्झेंडनने मात्र मूठभर माणसांनिशी वखार राखली. औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली, कंपनीने ऑक्झेंडनला सुवर्णपदक दिले. १६६८ साली मुंबई बेट कंपनीकडे आल्यावर तेथील कारभारही त्याच्याकडे आला. पण पुढल्याच वर्षी, १४ जुलै १६६९ रोजी, त्याने सुरतेस देह ठेवला.

वलंदेजांच्या बाजूस सर्वांत भव्य समाधी आहे ती हेंड्रिक व्हान रेडे याची. मलबारचा अधिकारी असताना त्याने तेथील वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे १२ खंड ॲम्स्टरडॅमला निघाले. १६९१च्या डिसेंबरात सुरतेकडे येत असता तो जहाजावरच वारला. शेवटचे खंड त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाले. या ग्रंथासाठी वनस्पतींची माहिती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने पुरविली. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मणही या कामी साहाय्यक होते. त्या तिघांचे कोंकणी निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. छापील पानावर नागरी अक्षरे उमटल्याच्या अगदी प्रारंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. व्हान रेडेची समाधी पाहावयास सुरतेस जावे लागते. त्या तिघांच्या समाध्या कोणी बांधल्या नाहीत. त्यांची नावे एका छापील पानाने राखली.

परक्यांची थडगी आपण का जपावीत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सुरतेच्याच प्रसंगात सापडते. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहून गेला आहे की, महाराजांनी त्या धामधुमीत कापुचिन पाद्री अँब्रोज याच्या मठास धक्का लावला नाही. वलंदेजांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही त्यांनी वगळले. कारण तो हयातीत मोठा दानशूर होता असे त्यांना कळले होते. ज्याच्याकडून खंडणी घ्यावयाची त्या शहरातही मृताच्या पुण्याईचा मान राखला गेला.

पांढुर्णा-सौंसरच्या या मुलखापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तथापि हा विषय येथे परका नाही. एके काळी देवगडच्या गोंड राजांचा आणि पुढे नागपूरकर भोसल्यांचा हा प्रदेश. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आला आणि गोंडांची भाषा व गीते टिपीत राहिला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे, म्हणजे कोण्या अनाम लोकांची दफनस्थळेच, पाहून परतताना पुराच्या ओढ्यात तो बुडाला. त्याची टिपणे घरातच पडून राहती, तर गोंडांच्या लिंगोची त्याने लिहून घेतलेली गाथाही त्याच्याबरोबर गेली असती. रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे १८६६ साली ग्रंथरूपाने छापली, म्हणून ती आज वाचता येते.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिलेल्या मराठी वाचकांस या गोष्टीचे मोल अधिक कळावे. आपली जुनी दप्तरे, वंशावळी, ओव्या आणि गावोगावचे शिलालेख अजून कोठे फडताळांत, कोठे माणसांच्या आठवणींत आहेत. त्यांना घुमट नको. एक नोंदवही, एक कपाट आणि ते उघडणारा वाचक हवा. शंभर वर्षे पार केलेल्या वाचनालयाने आपल्या सभासदांच्या घरांतूनच या संग्रहाला आरंभ करावा, एवढी विनंती करून हे व्याख्यान संपविणे उचित होईल.