मोबाईलची शिफारस आणि आपली नीयत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



यूट्यूब उघडताच, आपण काहीही न मागता, व्हिडिओंची एक रांग समोर येते. तिला 'फीड' म्हणतात. ही रांग कोण लावते आणि कशावरून लावते, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. आपल्या कित्येक मुलांच्या, विशेषतः मुलींच्या अभ्यासाची वाट आता त्या फोनमधून जाते. म्हणून हा विषय घराघरात समजला पाहिजे.

वाचनालयातील जाणता ग्रंथपाल आपल्याला नेमके आवडेल ते पुस्तक काढून देतो. कोणी काय नेले आणि पुढे काय मागितले, हे त्याच्या ध्यानात असते. संगणक हेच काम कोट्यवधी लोकांच्या बाबतीत करतो. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या कामाच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम लक्षावधी व्हिडिओंतून काहीशे निवडले जातात. मग त्यांचा क्रम लावला जातो. क्रम लावताना मुख्य अंदाज असतो तो हा, की हा माणूस यातले काय किती वेळ पाहील.

'किती वेळ' हे माप सुरुवातीपासून नव्हते. पूर्वी व्हिडिओ किती वेळा उघडला गेला, हे मोजत. तेव्हा वर भडक चित्र लावून आत काहीच न देणारे फोफावले. म्हणून २०१२ साली यूट्यूबने पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले. सुधारणा योग्यच होती. परंतु वेळ गेला म्हणजे लाभ झाला, असे थोडेच आहे? पुढे प्रेक्षकांना समाधानाविषयी प्रश्न विचारण्याची सोयही जोडली गेली, ती बहुधा याच उणिवेपोटी.

दुसरे उदाहरण नेटफ्लिक्सचे. प्रेक्षक चित्रपटाला किती तारे देईल, हा अंदाज कंपनीच्या पद्धतीपेक्षा १० टक्क्यांनी अचूक करून दाखवणाऱ्यास १० लाख डॉलरचे बक्षीस २००६ साली जाहीर झाले. अभ्यासासाठी दहा कोटींहून अधिक मतांची नोंद खुली करण्यात आली. २००९ साली एका गटाने ते बक्षीस जिंकलेही. पण २०१७ साली कंपनीने ताऱ्यांची पद्धतच मोडीत काढली. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देत आणि प्रत्यक्षात हलकेफुलके चित्रपट अधिक पाहत, असे तिला आढळले होते.

बंधू-भगिनींनो, माझ्या सांगण्याचे सार याच ठिकाणी आहे. पाच तारे देणारा माणूस खोटा नव्हता. आपण काय पाहावे, ही त्याची इच्छा त्या ताऱ्यांत होती. थकल्यावर त्याने जे पाहिले, ती त्याची कृती. आपल्या दीनने अमलामागील नीयत पाहावयास शिकवले आहे. यंत्राला नीयत दिसत नाही. त्याला बोट कोठे थांबले, एवढेच दिसते. दहावीची विद्यार्थिनी त्रिकोणमिती शोधते, दहा मिनिटे शिकते आणि नंतर तासभर विनोदी तुकडे पाहते. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर विनोदी तुकड्यांची रांग येते. तिला उत्तीर्ण व्हावयाचे आहे, हे त्या यंत्राला ठाऊक नसते.

आता पालकांना एक कळकळीची विनंती. आपल्या अनेक घरांत फोन एक आणि वापरणारी माणसे चार असतात. यंत्र त्या चौघांना एकच माणूस समजते. भावाने रात्री जे पाहिले, त्याचे भाईबंद सकाळी बहिणीसमोर येतात. ते पाहून वडील संतापतात, फोन काढून घेतात आणि त्याबरोबर तिचा वर्गही सुटतो. फीड हा मुलीविरुद्धचा पुरावा मानू नका. एका खात्यावर अनेक माणसे, ही अडचण कंपन्यांनाही जाणवली; नेटफ्लिक्सने २०१३ साली एकाच खात्यात घरातील प्रत्येकासाठी वेगळा कप्पा दिला, तो यासाठीच. आपणही शक्य असेल तेथे अभ्यासाचे खाते वेगळे ठेवावे.

आणखी काही साध्या गोष्टी करता येतील. हवा तो धडा नाव लिहून शोधावा. समोर आले म्हणून पाहू नये. एक संपताच दुसरे आपोआप सुरू करणारे 'ऑटोप्ले' बंद ठेवावे. नको ते आले तर त्याशेजारच्या तीन ठिपक्यांतून 'नॉट इंटरेस्टेड' निवडावे. 'हिस्टरी'मधून नको त्या नोंदी पुसाव्यात. शिक्षक जसे वही तपासतात, तशी ही नोंद आठवड्यातून एकदा मुलांसोबत बसून पाहावी. दरडावण्याकरिता नव्हे, तर 'हे पाहून काय मिळाले?' एवढे विचारण्याकरिता. वडीलधाऱ्यांनी प्रथम स्वतःची नोंद दाखवली, तर मुले मोकळेपणाने बोलतील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, इन्शाअल्लाह, आणि अशी यंत्रे घडवतील. यंत्र हा आज्ञाधारक शिष्य आहे. जे माप त्याच्या हाती द्याल, त्याच मापाने तो जग मोजेल. ते माप ठरवण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल, तेव्हा आपल्याच धाकट्या बहिणीचा अभ्यास डोळ्यांसमोर आणा. माणसाला किती वेळ खिळवून ठेवले, यासोबत त्याला जे शिकावयाचे होते ते तो शिकला काय, हेही मोजता येईल का, याचा विचार करा. हे काम अवघड आहे, म्हणूनच त्यासाठी गणित आणि विज्ञानाबरोबर माणसाची जाण असलेली मुले हवीत. अशी मुले या शाळेतून घडावीत, हीच माझी दुआ आहे.