बोटांचं वळण

(शरद व्याख्यानमालेत झाशीतल्या मराठी मंडळींपुढे, इलाइट चौराह्याजवळ दिलेलं व्याख्यान)

मंडळी, कार्डावर विषय छापलाय, 'एडिटरमध्ये कर्सर हलवायला अमुकच बटणं का?' एडिटर म्हणजे वर्तमानपत्राचा नव्हे! [हशा] मजकूर लिहायचा प्रोग्राम. युनिक्स, टर्मिनल हे सगळं इथल्या तरुणांना ठाऊक आहेच, तेव्हा मी थेट मुद्द्यावर येतो.

१९७६ च्या सुमारास बर्कली विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्यानं 'व्हीआय' हा एडिटर लिहिला. त्याच्यापुढच्या एडीएम-थ्री-ए टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणं नव्हतीच. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते : डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. त्यानं तेच उचलले. पण बाण तिथंच का? एच हे रोमन वर्णमालेतलं आठवं अक्षर. कंट्रोलबरोबर एच दाबलं की ८ हा संकेत जातो, आणि आस्की या संकेतावलीत ८ म्हणजे एक घर मागे. जे दहावं, १० म्हणजे खालची ओळ. हे संकेत टेलिप्रिंटरच्या जमान्यातले. ती यंत्रं भंगारात गेली, तरी आज सर्व्हरवर काम करणारी मुलं त्याच चार बटणांवर बोटं ठेवून बसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्र मरतं, बोटांचं वळण मरत नाही. म्हणून आपल्या मुलांच्या बोटांना पहिलं वळण कोणतं लावायचं, ते आपण ठरवायला हवं.

आज दुपारचीच गोष्ट. इथं चौराह्याजवळ टायपिंगच्या दुकानात एक पान करून घ्यायला गेलो. विशीतला मुलगा होता. म्हणाला, "सर, कृतिदेव में करूँ या मंगल में?" म्हटलं, तुझा हात ज्यात बसलाय त्यात कर. त्यानं कृतिदेव फाँट घेतला, म्हणजे जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी. मी त्याला 'झांसी की रानी' टाइप करायला सांगितलं आणि बोटांकडे बघत राहिलो. 'झांसी'त के, एल, एच. 'रानी'त जे, के, पुन्हा एच. बिल जॉयची चारही बटणं! [टाळ्या] मग म्हटलं, आता 'किला' लिही. त्यानं आधी वेलांटी दाबली आणि मग क. का रे बाबा? त्याला सांगता येईना. टाइपरायटरवर कागद एकाच दिशेनं सरकायचा, ऱ्हस्व वेलांटी डावीकडे, म्हणून ती आधी मारायची. या मुलानं टाइपरायटर कधी पाहिलेलाही नाही, पण त्या लोखंडाची अडचण त्याच्या बोटांत उतरली आहे. मी तिथं अर्धा तास उभा होतो. पान राहिलंच.

...हो, ऐकू आलं. आता लोक बोलून लिहितात, खरं आहे. पण चुकलेला शब्द दुरुस्त करायला कर्सर तिथं न्यावाच लागतो ना? 'शिक्षिका' लिहा. बहुतेक ठिकाणी बाणाचं बटण तीनदा दाबलं की शब्द ओलांडला जातो : शि, क्षि, का. तोच शब्द मागून खोडायला मात्र आठ वेळा दाबावं लागतं, कारण आत आठ तुकडे आहेत. जोडाक्षर हा एकच घटक धरावा, हे युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात यायला २०२३ साल उजाडलं. इतकी वर्षं आपण गप्प का बसलो, याचा मला राग येतो.

चिठ्ठी आली. दोनच मिनिटं? बरं. मोडीवर बोलणार होतो, ते राहू द्या.

मुलांच्या बोटांना लावायचं ते पहिलं वळण म्हणजे इनस्क्रिप्ट, आपल्या लिपीची कळफलक-मांडणी. ती १९८६ मध्ये प्रमाण ठरली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, आणि जसं बोलतो तसं लिहायचं : आधी क, मग वेलांटी. विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, विकत काही घ्यायचं नाही. घरात तुम्ही मराठी बोलता, मुलं शाळेत हिंदी लिहितात. दोन्हींना हीच मांडणी चालते. आज घरी गेल्यावर मुलांना शेजारी बसवा, इनस्क्रिप्ट सुरू करा आणि उजव्या हातानं एच, जे, एल ही तीन बटणं ओळीनं दाबायला सांगा. पडद्यावर 'परत' हा शब्द उमटेल.