हे कोणत्या जहाजातून उतरलं?



मुख्याध्यापक बाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पडद्यामागे मघापासून कुणाचे तरी चाळ वाजताहेत, म्हणजे आतली मंडळी तयार आहेत आणि माझ्या आटपण्याची वाट बघताहेत. मीही तुमच्या वयाचा असताना पाहुणे कधी खाली बसतात याचीच वाट बघत असे.

या शाळेत भूगोलात मी काठावर पास होत होतो. पुढे जहाजावर इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं आणि भूगोल पायाखाली आला. आज एकाच बेटाबद्दल बोलतो. मॉरिशस. तिथल्या पोर्ट लुई बंदरात आमचं जहाज बऱ्याचदा लागलं.

नाशिक विषुववृत्ताच्या जितकं वर, साधारण तितकंच हे बेट खाली. म्हणजे तुम्हाला मे महिन्याची सुट्टी लागते, तेव्हा तिथे थंडीची चाहूल लागलेली असते. आकार विचाराल, तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात अशी चार बेटं बसतील आणि वर जागा उरेल. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. भोवती प्रवाळाचं कडं. लाट त्या कड्यावर फुटते आणि आतलं पाणी तळ्यासारखं निवांत असतं.

हे बेट समुद्रातल्या ज्वालामुखीने घडवलं, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी. दगड सह्याद्रीसारखाच काळा, पण सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे हे बेट म्हणजे पाळण्यातलं पोर. ते वर आलं तेव्हा त्याच्यावर काही नव्हतं. मग उडून येणारं उडत आलं, वाहून येणारं वाहत आलं, आणि उरलेलं सगळं जहाजातून उतरलं. आम्हा खलाशांना माल मोजायची सवय. मॉरिशसमध्ये फिरताना मला तोच चाळा लागला होता. काहीही दिसलं की विचारायचं, हे कोणत्या जहाजातून उतरलं?

डोडो जहाजातून उतरला नाही. त्याचे पूर्वज कबुतरांच्या कुळातले, उडत आले. बेटावर शिकारी जनावर नाही, मग उडायचं कशाला? पिढ्यान्‌पिढ्या पंख आखडत गेले. १५९८ मध्ये डच आले. त्यांच्या गलबतांतून उंदीर, डुकरं, माकडं उतरली. डोडो जमिनीवर अंडी घालायचा, त्यामुळे अंड्यांची मेजवानीच झाली. त्याची शेवटची खात्रीलायक नोंद १६६२ ची. खलाशांनी डोडो खाल्ला म्हणतात, ते खरं आहे, पण माझ्या मते जास्त नुकसान आमच्या पाठोपाठ दोरावरून उतरलेल्या उंदरांनी केलं. या पक्ष्याचं एक उत्तम रंगीत चित्र जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराचं मानतात. सतराव्या शतकात सुरतेला जिवंत डोडो पाहिल्याची नोंद आहे. म्हणजे तो आपल्याकडे येऊन गेला, तोही जहाजातूनच.

ऊस डचांनीच आणला. हरणं त्यांनी जावाहून आणली. पुढे प्लेगची साथ आली, तेव्हा उंदीर मारायला १९०० मध्ये मुंगूस नेलं, ते आपल्या हिंदुस्थानातून. मुंगसाने उंदरांबरोबर पाखरंही खाल्ली. मुंगसाला कुणी यादी दिली नव्हती.

आता माणसं. मूळची माणसं या बेटावर नव्हतीच. डच गेले, फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. उसाच्या मळ्यांत आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम राबत होते. १८३५ मध्ये गुलामगिरी उठली, पण मळेवाल्यांनी आधीच दुसरी सोय बघून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसं तशीच करारावर गेली. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं झालं गिरमिट. बहुतेक बिहारकडची, काही तमीळ आणि तेलुगू मुलखातली. आणि काही मुंबई बंदरातून चढलेली, त्यांत बरीच आपल्या रत्नागिरीची.

ते जिथे उतरले तो आप्रवासी घाट अजून उभा आहे. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. १६ पायऱ्या. मी चढताना मोजल्या. आपल्या विहिरीला असतात तशाच, त्यात बघण्यासारखं काही नाही. वर कारकून बसायचा आणि नाव विचारायचा. माणूस आपलं नाव सांगायचा, बापाचं सांगायचा, आणि कारकुनाला जे ऐकू येईल ते कागदावर यायचं. पुढच्या पिढीचं आडनाव तेच. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. त्यातलं रामगुलाम हे आडनाव वाटतं का तुम्हाला? तशीच आपल्या माणसांच्या आजोबा-पणजोबांची नावं आडनावं होऊन बसली. मूळ आडनाव आणि गाव घाटाखालीच राहिलं.

मळ्यांत गेलात, तर उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात. काही घराएवढे उंच. पहिल्यांदा मला वाटलं, एखादं जुनं देऊळ पडलं असेल. बरोबरच्या माणसाने सांगितलं, जमीन लागवडीला आणताना हे दगड एकेक करून हातांनी उचलले आहेत. दगड उलटला की खाली सोनं मिळतं, असं सांगून माणसं नेली, ही गोष्ट तिथे घराघरांत सांगतात. तुमच्यापैकी ज्यांनी कातळावर गडगा रचला असेल, दगड उचलताना बोट चेचलं असेल, त्यांना त्या ढिगाचं वजन मी सांगायला नको.

हवामानाचं एकच सांगतो, कारण ते माझ्या धंद्याशी बांधलेलं आहे. वारा बाराही महिने बहुतेक आग्नेयेकडून. त्यामुळे मधल्या पठारावर धो धो पाऊस आणि पश्चिम किनारा कोरडा. घाटमाथा आणि पलीकडचा देश, तसंच. उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, चक्रीवादळं येतात. ती आपल्या वादळांच्या उलटी, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. इशारे चार पायऱ्यांचे. इशारा चढत गेला की लोक घरात शिरतात, शाळांना सुट्टी मिळते, आणि जहाजांना मात्र बंदराबाहेर हाकलतात. धक्क्याला बांधलेलं जहाज वादळात स्वतःही फुटतं आणि धक्काही फोडतं. म्हणून सगळे दारं लावून घेत असताना आम्ही खोल समुद्रात. १९६० च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ वादळाने बेट झोडपलं, हजारो पत्र्याची-गवताची घरं गेली. आज तिथे जी सिमेंटची बसकी घरं दिसतात, ती त्यानंतरची.

मोजण्याच्या नादात एक चांगला हिशोबही सांगतो. तिथला एक लहान ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरला होता. चार! कार्ल जोन्स नावाच्या वेल्श माणसाने घरट्यातली पहिली अंडी उचलून उबवली. मादीला वाटायचं अंडी गेली, ती पुन्हा घालायची. असं करत तो ससाणा शेकड्यांत आला. गुलाबी कबूतर दहाच्या घरात आलं होतं, तेही वाचलं. डोडोच्या नात्यातलं एक तरी राखलं.

आणि २०२० मध्ये पुन्हा जहाजातूनच संकट उतरलं. ‘वाकाशिओ’ नावाचं मोठं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं आणि हजारेक टन तेल त्या निवांत पाण्यात सांडलं. मी निवृत्त झालो होतो, तरी टीव्हीसमोर मान खाली गेली. लोकांनी कुणाची वाट बघितली नाही. उसाचं पाचट कापडी नळ्यांत कोंबून, शिवून, त्यांचे लांब तरंगते बांध केले. कुणी केस कापून दिले, केस तेल धरतात म्हणून. त्याच उसाचं पाचट, मुलांनो.

आपली माणसं तिथे आज क्रिओल बोलतात. मराठी मुलांना शाळेत शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. आणि जाखडी नाचतात. तिचा उच्चार ‘झाकरी’ करतात. कास्कावेल हे मराठी वस्तीचं गाव. तिथे एका म्हाताऱ्याने मला मोडक्या मराठीत विचारलं, “तुमच्या गावात चाळ एका पायात बांधतात की दोन्ही?” त्याचं आणि त्याच्या भाच्याचं यावरून भांडण चाललं होतं, आणि गावचा माणूस आला म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मुलांनो, मी कोकणात जन्मलो, लहानपणी दर गणपतीत जाखडी बघितली, पण मला आठवेना. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, बघून सांगतो.

तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत तिसरा नाच जाखडीचा आहे. बाई, माझी खुर्ची जरा पुढे घ्यायला सांगा, इथून पाय दिसत नाहीत.